माय बॅड, टोटली

भागीरथाबाईंनी जवसाच्या चटणीसाठी मिक्सर सुरू केला आणि हॉलमधून सुनेचा आवाज आला, "ओह सॉरी, सॉरी! माय बॅड!"

त्यांनी बटण बंद केलं. जवस अर्धवट दळून राहिला, लसणाची पाकळी भांड्याच्या काठाला तशीच चिकटून बसली. स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामध्ये भिंत नव्हती, नुसता ओटा होता. हुडकेश्वरच्या नव्या फ्लॅटांत भिंती कमी आणि कोपरे जास्त. ओट्यापलीकडे जेवणाच्या टेबलावर मोनाली कानाला हेडफोन लावून लॅपटॉपसमोर बसली होती. पडद्यावर पांढऱ्या केसांची, लाल चष्म्याची एक गोरी बाई होती. मोनालीची कंपनी जिच्यासाठी काम करायची, ती विलायतेतली हेलनबाई. हेलनबाईंचे ओठ हलले, त्या हसल्या. मोनालीही हसली आणि मागे न बघता स्वयंपाकघराच्या दिशेने हात हलवत म्हणाली, "नो, नो! टोटली माय बॅड!"

भागीरथाबाईंना सगळं घर 'माय' म्हणायचं. मुलगा अश्विन म्हणायचा, सून मोनाली म्हणायची, खालचा भाजीवालासुद्धा म्हणायचा. तेव्हा हे बोलणं कोणाविषयी चाललं आहे, याबद्दल शंकेला जागाच नव्हती. हात तर सरळ त्यांच्याकडेच होता.

सुनेच्या इंग्रजीची त्यांना तशी सवय झाली होती. रोज सकाळी लॅपटॉप उघडला की मोनाली "हाय गाइज" म्हणायची. सुरुवातीला भागीरथाबाईंना वाटलं, ही कोणत्या गाईंना हाक मारते? त्यांनी अश्विनला विचारलं.

"सोबत काम करनाऱ्याइले तसं म्हनते, माय," अश्विन म्हणाला.

"गाई म्हनते? अन् ते आयकून घेते?"

"घेते ना."

पुढे एकदा दूध उतू गेलं तेव्हा मोनाली म्हणाली, "माय, चिल!" त्या दिवशी भागीरथाबाईंनी खिडकीतून मान बाहेर काढून आभाळ न्याहाळलं. त्यांच्या बोलीतली चील, म्हणजे घार, काही दिसली नाही. तेही त्यांनी पोटात घातलं. गाय काय, चील काय, मुक्या जीवांवर माया असेल इंग्रजांची, असं मनाशी म्हणून त्यांनी विषय मिटवला.

पण बॅड म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत लोखंडी नळ्यांच्या कारखान्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. काम तपासणीचं. नळी टेबलावर गडगडत सोडायची, मग उचलून एक डोळा मिटायचा आणि तिच्या लांबीवरून नजर फिरवायची. बाजूला दोन पिंजरे ठेवलेले असायचे, एकावर 'गुड' लिहिलेलं, दुसऱ्यावर 'बॅड'. सरळ नळी गुडमध्ये, वाकडी बॅडमध्ये. मराठी अक्षरं त्या पुढे प्रौढांच्या वर्गात शिकल्या, पण हे दोन इंग्रजी शब्द त्याआधीच चित्रासारखे ओळखायच्या. बॅडच्या पिंजऱ्यातला माल कुठे जातो हेही त्यांना ठाऊक होतं. मागच्या आवारात, भंगाराच्या ढिगावर.

आज सुनेने त्यांना उचलून तिकडे टाकलं होतं. तेही विलायतेतल्या बाईच्या डोळ्यांदेखत.

"मिक्सर लावू का राहू देऊ?" त्यांनी ओट्यावरून विचारलं.

मोनालीने मान न वळवता नुसता अंगठा वर केला.

भागीरथाबाईंनी खलबत्ता बाल्कनीत नेला आणि जवसाचं पार पीठ करून टाकलं. शेजारच्या बाल्कनीत वामनराव झाडांना पाणी घालत होते. बँकेतून निवृत्त झालेला माणूस. कोणी काही विचारेल या आशेवर ते दिवसभर बाल्कनीत असत.

"वामनराव, टोटली म्हंजे काय जी?"

वामनरावांनी झारी खाली ठेवली. "टोटली? टोटली म्हणजे संपूर्ण. पुरेपूर. शंभर टक्के."

"म्हंजे थोडंबी शिल्लक नाही?"

"काहीच नाही. काहून जी, कोनाले म्हनलं?"

"कोनाले नाही. सहज इचारलं," भागीरथाबाई म्हणाल्या आणि खलबत्ता घेऊन आत आल्या.

म्हणजे थोडा बाक आहे, ठोकून सरळ होईल, असंही नाही. टोटली.

मोनालीला सरळ विचारलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. पण भागीरथाबाईंचा ताठा मोठा होता. त्या ताठ्यावरच त्यांनी नवऱ्यामागे अश्विनला वाढवला, शिकवला, दोन खोल्यांचं स्वतःचं घर बांधलं. भंगारातली नळी उठून कधी विचारते का, की मला का टाकलं म्हणून?

शिवाय प्रश्न नुसत्या शब्दाचा नव्हता. कळमेश्वरचं ते दोन खोल्यांचं घर त्या धाकट्या बहिणीच्या मुलाला, मोहितला देणार होत्या. मोहितचं नुकतंच लग्न झालं होतं, जोडप्याला जागा हवी होती, आणि भागीरथाबाई आता हुडकेश्वरला कायमच्या राहायच्या असं ठरलं होतं. रविवारी मोहित किल्ली न्यायला येणार होता. किल्ली कमरेच्या बटव्यात होती. ती एकदा हातातून गेली की परत फिरायला दार उरणार नव्हतं. ज्या घरात आपण टोटली बॅड, त्या घरापायी स्वतःचं दार सोडायचं?

त्यांनी फोन उचलला आणि बहिणीला, पार्वतीबाईंना लावला. पार्वतीबाईंच्या कळमेश्वरच्या घराला लागून पिठाची चक्की होती, आणि ती नेमकी सुरू होती.

"पार्वते, मोनालीनं मले काय म्हनलं मालूम हाय का? माय बॅड म्हनलं!"

यातलं 'मोनालीनं' चक्कीने दळून टाकलं. 'म्हनलं'चंही पीठ झालं. 'माय बॅड' तेवढं सुटून पार्वतीबाईंच्या कानात पडलं, तेही थोडं घासून.

"काय वं ताई? बेड?"

"बॅड, बॅड! माय बॅड! वरून टोटली!"

"टोटली बेड?"

भागीरथाबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. हे असं बोंबलून सांगायचं दुःख नव्हतं. "जाऊ दे वं," त्या म्हणाल्या. "मले आता इथं झोप येनार नाही, इतकं समजून घे. अन् मोहितले सांग, किल्ली सध्या देत नाही म्हना."

फोन ठेवून, चार्जिंगला लावून त्या आपल्या खोलीत गेल्या आणि पिशवी भरू लागल्या.

तिकडे कळमेश्वरात पुढे काय झालं ते त्यांना मागाहून कळलं, पण आपण आत्ताच ऐकून घेऊ. पार्वतीबाईंचे यजमान आनंदराव एसटीत कंडक्टर होते. प्रवाशांना "मूव्ह बॅक" आणि "नो स्टँडिंग" म्हणता म्हणता त्यांना इंग्रजीचा लळा लागला आणि निवृत्तीनंतर तो वाढतच गेला. त्यांच्या इंग्रजीत बेड आणि बॅड असा भेद नव्हता, दोघांनाही ते 'ब्याड'च म्हणत. पण अर्थाला पक्के.

"ताई इंग्रजीत बोलून राहिली होती जी," पार्वतीबाई घाबऱ्या होऊन म्हणाल्या. "माय बेड म्हने. टोटली म्हने."

"अवं, मंग त्यात काय!" आनंदरावांनी चष्मा पुसला. "माय म्हंजे माझा. ब्याड म्हंजे पलंग. त्याईले त्याईचा पलंग पाहिजे."

"हाव जी! अन् झोप येत नाही म्हने!"

"येईनच कशी? त्या फोमच्या गादीवर पान्यावर झोपल्यावानी वाटते, असं त्याच सांगत होत्या ना मांगं?"

"अन् टोटली?"

"टोटली म्हंजे सगळा. गादी, उशी, मच्छरदानीच्या काड्या, समदं आलं पाहिजे. अर्धवट काम त्याईले चालत नाही."

"मोहितले किल्ली देत नाही म्हने."

आनंदरावांनी मांडीवर थाप मारली. "बरोबर हाय! आधी पलंग, मंग किल्ली. बाई मोठी हुशार हाय गा!"

भागीरथाबाईंच्या घरात रंगकाम सुरू होतं, मागचं दार उघडंच होतं. मोहितने मित्राचा टेम्पो आणला. खाट, गादी, उशी, काड्या, सगळं चढलं. आनंदराव पुढे ड्रायव्हरजवळ बसले, पार्वतीबाई गादीवर बसल्या, आणि टेम्पो हुडकेश्वरच्या वाटेला लागला.

इकडे भागीरथाबाई पिशवी घेऊन बाहेर आल्या. मोनाली पुन्हा हेलनबाईंशी बोलत होती. महिनाभर खपून केलेलं काम आज तिला त्यांना दाखवायचं होतं.

"मी खाली चालली," भागीरथाबाई म्हणाल्या.

हातातली पिशवी बघून मोनालीला वाटलं, भाजीला चालल्या. तिने पुन्हा अंगठा वर केला. जी बाई मोठ्या वयात अंगठा द्यायचं सोडून सही शिकली, तिच्या पदरात एकाच दिवशी दोन अंगठे पडले. भागीरथाबाई जिना उतरल्या आणि फाटकाजवळच्या बाकावर जाऊन बसल्या. अश्विन मिहानमधल्या ऑफिसातून आला की त्याला सांगायचं आणि कळमेश्वरची बस धरायची. न सांगता जाणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं.

टेम्पो निघाला हे कळवायला आनंदरावांनी त्यांना फोन लावला. फोन वर चार्जिंगला. मग त्यांनी अश्विनला लावला.

"अश्विन, ब्याड निघाला गा!"

"कोनाचा बेड, मौसाजी?"

"मायचा! तिच्यासाठीच त आनून राहिलो. ब्याड, ब्याड करून राहिली होती सकाळी. आता फोनबी उचलून नाही राहिली."

अश्विन खुर्चीतून उठला. सकाळी तर माय चालतीफिरती होती, डब्यात दोन पोळ्या जास्तीच्या कोंबत होती. त्याने मोनालीला मेसेज केला, "माय कशी आहे?" मोनालीने बाल्कनीतून सासूला बाकावर बसलेलं पाहिलं होतं. हेलनबाईंना उत्तर देता देता तिने टेबलाखालून लिहिलं, "माय डाउन आहे. चिल."

म्हणजे माय खाली बसली आहे, काळजी करू नको. एरवी अश्विनला हे कळलं असतं. पण त्याचं सगळं आयुष्य कंप्युटरच्या कामात गेलेलं, आणि त्याच्या ऑफिसात जे डाउन होतं त्यासाठी पळापळ करावी लागते. त्यात 'चिल' वाचून त्याच्या मनाने घेतलं, की मायचं अंग गार पडलं. साहेबांना न विचारताच त्याने गाडीला किक मारली. वाटेत मायसाठी पाण्याचा नारळ घ्यायला मात्र विसरला नाही.

फाटकातून टेम्पो आत आला तेव्हा भागीरथाबाई आभाळाकडे बघत बसल्या होत्या. आवाजाने त्यांनी मान खाली केली आणि त्यांना टेम्पोत आपली खाट दिसली.

ती खाट त्यांनी हजारात ओळखली असती. अश्विन पोटात होता तेव्हा कारखान्यातल्या वेल्डरने जोडून दिलेली. नळ्या बॅडच्या पिंजऱ्यातल्याच, साहेबांना विचारून घेतलेल्या. म्हणून उशाकडचा दांडा जरासा कललेला होता, कोणी मान तिरपी करून ऐकावं तसा. त्या खाटेवर अश्विन जन्माला आल्यावर निजला, त्या खाटेवर त्या दिवसभराच्या उभ्या कामानंतर पाठ टेकायच्या.

आणि आज ती खाट घराबाहेर होती. गादीसकट, उशीसकट, मच्छरदानीच्या काड्यांसकट. अजून किल्ली दिली नाही, तोच मोहितने आपलं सामान बाहेर काढलं?

"आनंदराव, हे काय जी?" त्यांनी कसंबसं विचारलं.

आनंदराव टेम्पोतून उतरले, सदरा नीट केला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "युवर ब्याड! टोटली!"

भागीरथाबाईंनी पिशवी उचलून छातीशी धरली. सून म्हणाली ते एकवेळ ठीक, ती परक्या घरून आलेली. पण बहिणीचा नवराही? आणि शेजारी पार्वती हसून मान डोलावते आहे!

"बाजूले सरक ताई, पाय लागन," पार्वतीबाई लाडाने म्हणाल्या. "आता बघ कशी झोप लागते तुले."

बाल्कनीतून वामनरावांनी विचारलं, "पेशंट कोन हाय जी?" त्यांना कोणी उत्तर दिलं नाही, म्हणून ते स्वतःच खाली आले आणि त्यांनी खाटेचा एक पाय धरला. लिफ्टमध्ये खाट मावेना. जिन्याच्या वळणावर ती अडकली, उभी केली, आडवी केली. "अबे, तुया साइडनं उचल!" "बाबा, तुमचा हात काढा आधी!" "मूव्ह ब्याक! मूव्ह ब्याक!" असा गजर करत मिरवणूक वर चढली. सगळ्यात मागे पिशवी घेऊन भागीरथाबाई. खाट त्यांची होती; ती जिथे जाईल तिथे जाणं भाग होतं.

वर मोनाली हेलनबाईंना शेवटची गोष्ट समजावून देत होती. इतक्यात दार धाडकन उघडलं आणि तिच्या पाठीमागून लोखंडी खाटेचे दोन पाय आत शिरले. चपलांची मांडणी कोसळली. मोनाली दचकून वळली, पुन्हा पडद्याकडे वळली आणि ओरडली, "सॉरी हेलन! सो सॉरी! माय बॅड!"

आनंदरावांनी पडद्यावरची गोरी बाई पाहिली. त्यांचं इंग्रजी आयुष्यभर ज्या क्षणाची वाट बघत होतं, तो क्षण आला होता. त्यांनी खाट खाली टेकवली, छाती पुढे काढली आणि मोनालीची चूक सुधारली.

"नो म्याडम! नॉट हिज ब्याड!" मोनालीकडे हात करून ते म्हणाले. मग बोट थेट भागीरथाबाईंकडे रोखलं. "हर ब्याड! टोटली!"

"बस!"

भागीरथाबाईंनी पिशवी जमिनीवर टाकली.

"सकाळी हिनं म्हनलं. खाली तुमी म्हनलं. आता त्या गोऱ्या बाईलेबी बोट दाखवून सांगून राहिले! काहून बॅड हावो मी? आज समद्याइच्या समोर सांगा. कोनाचं काय वाकडं केलं म्या?"

याच वेळी अश्विन नारळ काखेत धरून धापा टाकत आत घुसला. "माय! माय कुठं हाय? कोनत्या बेडवर..." आणि तो थांबला. "अरे, तू त उभी हाय!"

"हाव, उभी हाय!" भागीरथाबाई कडाडल्या. "अन् सरळ उभी हाय!"

मोनालीने हेडफोन ओरबाडून काढला. त्याची वायर लॅपटॉपमधून निसटली आणि हेलनबाईंचं "हॅलो? हॅलो?" घरभर घुमू लागलं.

"माय, मी तुम्हाला बॅड कधी म्हटलं?"

"मिक्सर लावला तेव्हा. माय बॅड म्हनलं. दोनदा. वरून टोटली."

मोनालीने कपाळावर हात मारला. "अहो माय, त्यातली माय तुम्ही नाही! इंग्रजीत असंच म्हणतात. माय बॅड म्हणजे माझी चूक!"

"चूक कायची?"

"मिक्सरचा आवाज तिकडे गेला ना. हेलन म्हणाली, तुझ्या घरात विमान उतरलं का? मी म्हटलं, नाही, चूक माझी. मी माझ्याकडचा आवाज बंद करायला विसरली."

"पन मिक्सर त म्या लावला होता."

"मग? तुमचं नाव सांगू?" मोनाली आता खरंच चिडली होती, डोळ्यांत पाणी होतं. "चटणी तुम्ही आमच्यासाठीच करत होत्या ना? बाहेरच्या माणसासमोर तुमच्यावर कशाला ढकलू? म्हणून म्हटलं, टोटली माझी."

कारखान्यात एखादी वाकडी नळी चुकून गुडमध्ये गेली की साहेब विचारायचे, कोणाच्या हातून गेली? तेव्हा ओळीतल्या सगळ्या बाया खाली बघायच्या. एकटी भागीरथा हात वर करायची. "मायी चूक, साहेब." बोलणी खायची, पण हात वर करायची. कधी कधी दुसरीची चूकही तिने आपल्या नावावर घेतली होती. तिच्या नावावर मात्र आजवर कोणी घेतली नव्हती.

मग त्यांच्या डोक्यात आणखी एक दिवा लागला.

"थांब वं," त्या हळूच म्हणाल्या. "माय म्हंजे माझं?"

"हो."

"म्हंजे मायं?"

"हो, तेच."

"मायं घर, माया पोरगा, मायी चूक?"

"तेच त, माय!"

"मंग हे इंग्रजी कायची गा?" भागीरथाबाई सगळ्यांकडे वळल्या. त्यांचा आवाज चढत गेला. "हे त मी जन्मापासून बोलून राहिली! मायी माय बोलत होती, तिची माय बोलत होती. ही त आपलीच बोली हाय. त्याईनं फक्त मायंवरचा टिंब खाल्ला!"

वामनरावांनी हा अर्थ मनातल्या मनात टिपून ठेवला.

"म्हंजे भागीरथाबाई झोप येत नाही म्हनून पलंग मांगत नव्हत्या?" आनंदरावांनी पडलेल्या आवाजात विचारलं.

"मी बॅड म्हनून राहिली होती."

"तेच त मी म्हनलं. ब्याड." थोडा विचार करून ते म्हणाले, "पन टोटलीचा अर्थ म्या बरोबर सांगितला होता."

"तुमच्या टोटलीनं माया खांदा गेला," खांदा चोळत मोहित म्हणाला. "आता हे परत खाली न्याचं का?"

भागीरथाबाई खाटेजवळ गेल्या. उशाकडच्या कललेल्या दांड्यावरून त्यांनी हात फिरवला. जिन्यात कुठे पोचा आला नव्हता. लोखंड चांगलं होतं.

"तुम्हाला इथे झोप येत नव्हती का, माय?" मोनालीने विचारलं. "सांगितलं काहून नाही?"

"तू इतक्या हौसेनं ते गुबगुबीत आनलं होतं. कसं सांगू?"

"मी विचारायला पाहिजे होतं. माय बॅड."

"नाही वं," भागीरथाबाई म्हणाल्या. "हे बॅड मायं हाय."

मग त्यांनी सुनेला खांद्याला धरून समोर उभं केलं. एक डोळा मिटला. दुसऱ्या डोळ्याने तिला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं, सावकाश, कुठे घाई न करता. मोनालीला काही कळेना, पण ती हलली नाही. अश्विनला मात्र ही नजर लहानपणापासून माहीत होती.

"गुड," भागीरथाबाई म्हणाल्या.

त्यांनी कमरेचा बटवा सोडला, किल्ली काढली आणि मोहितच्या हातावर ठेवली. "घे. पलंग इकडं आला. आता मी तिकडं येऊन झोपू कायच्यावर?"

पार्वतीबाईंनी डोळ्याला पदर लावला. वामनरावांनी नारळ कशाने फोडायचा ते सांगायला सुरुवात केली. आणि या सगळ्यात लॅपटॉपमधून हेलनबाईंचा आवाज आला, "व्हॉट अ लव्हली बेड!"

भागीरथाबाई ताडकन वळल्या. "काय म्हने ते? बॅड?"

"बेड, माय, बेड! पलंग छान आहे म्हणते."

"मंग सांग तिले," भागीरथाबाई पदर सारखा करून पडद्यासमोर येत म्हणाल्या, "बॅडच्या नळ्याइचा बेड हाय हा. पन टिकला."

मोनालीने ते इंग्रजीत कसं सांगितलं कोण जाणे, पण हेलनबाई बराच वेळ हसत राहिल्या, आणि मग लाल चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी भागीरथाबाई उशिरा उठल्या. पाठ नीट टेकली होती. उठल्या त्या थेट ओट्याशी गेल्या. जवस भाजलेला होता, लसूण सोललेला होता. हॉलमध्ये मोनालीने नुकतंच "हाय गाइज" म्हटलं होतं. भागीरथाबाईंनी मिक्सरचं बटण दाबलं. घर दणाणलं. मोनाली आवाज बंद करायला धावली, पण तिने तोंड उघडायच्या आतच ओट्यावरून, मिक्सरच्याही वर, सात समुद्र ओलांडून जाईल असा आवाज आला.

"मायं बॅड हो, हेलनबाई! टोटली मायं!"

पलीकडून हेलनबाई हसून म्हणाल्या, "नो, नो, माय! माय बॅड!"

भागीरथाबाईंनी मिक्सर बंद केला आणि भांड्याचं झाकण उघडून चटणी बोटावर घेतली.

"पाह्य बरं," त्या मोनालीला म्हणाल्या, "दोन दिवसांत आपलं बोलाले शिकली. पन टिंब अजून नाही जमत तिले. मी शिकवतो."